बंदुकीचं दुखणं

माणूस आजारी पडला, की भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना एक औषध सांगून जातो. वस्तूंचंही तसंच आहे. घरातला मिक्सर बंद पडू द्या, की ज्यांना स्वतःच्या घरातला फ्यूज कुठं असतो हे ठाऊक नाही, अशी मंडळी त्याच्या मोटारीविषयी अधिकारवाणीने बोलू लागतात. पलंगाचा पाय, छत्रीची काडी, शिलाई मशीनचा पट्टा, सर्वांवर आपल्याकडे घरगुती उपाय आहेत. पण सर्वांत जास्त उपाय सुचवली गेलेली वस्तू मी पाहिली, ती म्हणजे आमच्या सासऱ्यांची बंदूक.

खरं म्हणजे ती रायफल. सासरे तिला रायफल म्हणतात, गाव ‘आबांची बंदूक’ म्हणतं, आणि सासूबाई होत्या तोवर ‘तुमची ती’ म्हणत. आबांनी ती १९६६ साली परवाना काढून घेतली. गाव सातारा जिल्ह्यात, डोंगराच्या कुशीत. शेताला रानडुकरांचा शेजार. बोअर ३१५. हा आकडा आबा असा उच्चारतात, की ऐकणाऱ्याला वाटावं ते आपलं गोत्र सांगत आहेत. ज्यांनी कॉलेजात एन.सी.सी. केली आहे, त्यांना थ्री-नॉट-थ्री आठवत असेल. परेडच्या मैदानावर जी आपल्या खांद्यावर असे, आणि संध्याकाळपर्यंत खांदा आपला नसे, तीच ती. आबांची रायफल तिच्याच घराण्यातली. इंग्रजांना लष्कराच्या मापाची गोळी रयतेच्या हाती नको होती, म्हणून सामान्य माणसासाठी वेगळ्या मापाच्या रायफली निघाल्या. ३१५ ही त्यांतली एक. थोडक्यात, सैन्यात न गेलेली धाकटी बहीण.

तिच्या पराक्रमाच्या गोष्टी मी लग्न झाल्यापासून ऐकत आलो आहे. माझ्या लग्नाच्या वेळी आबांनी मारलेलं डुक्कर साधारण अडीच मण होतं. नातवंडं झाली तोवर ते चार मणांवर गेलं. मेलेलं डुक्कर इतकं वाढलेलं माझ्या तरी पाहण्यात दुसरं नाही. अर्थात ही सगळी कमाई पहिल्या सहा वर्षांतली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि तेव्हापासून रायफल सोप्यातल्या भिंतीवर आणि डुकरं उसात, अशी दोघांनी आपापली जागा घेतली. भिंतीवरून ती दोनच प्रसंगी खाली उतरे. एक दसऱ्याला, पूजेसाठी; आणि दुसरं निवडणुकीला. आचारसंहिता लागली, की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो. पूर्वी पाच वर्षांनी एकदा जावं लागे. पुढं लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत असं सगळं सुटं सुटं होऊ लागलं, तसं तिचं जाणं-येणं वाढलं. सासूबाई म्हणत, ‘माझं माहेर जवळ असून मी एवढी जात नाही.’

तर ही रायफल गेल्या पावसाळ्यात पडली. कोणी पाडली नाही. भिंत जुनी, मातीची. ओल धरली, खुंटी गंजली, आणि एका रात्री खुंटीसकट रायफल खालच्या दगडी पायरीवर आली. आवाज ऐकून शेजारचे लोक धावत आले. त्यांना वाटलं, आबांनी चोरावर बार काढला. आत काडतूस नव्हतं. आबा ते कधीच आत ठेवत नाहीत. पण दस्ता फुटला होता. दस्ता म्हणजे मागचं लाकूड, जे खांद्याला टेकवतात. त्याला जिथं मुठीत धरतात ती बारीक जागा असते, तिला मान म्हणतात. त्या मानेला उभी चीर गेली होती, आणि करंगळीच्या नखाएवढी ढलपी उडाली होती. ती ढलपी पुढं तीन दिवस सगळ्यांनी शोधली. बहुधा कोंबडीने नेली.

आता औषधं सुरू झाली. पहिला आला शेजारचा पोरगा. त्याच्या खिशात फेविक्विक होतंच. दुसरे गावचे सुतारमेस्त्री. त्यांनी दस्ता उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, ‘आबा, चीर बुजवून वरनं सनमायका मारून देतो. सागवानी डिझाइनचा. दिसायलाबी झ्याक.’ पुतण्या म्हणाला, ‘आबा, आता कोण लाकडाचा दस्ता वापरतो? प्लॅस्टिकचा मिळतो. पाणी लागत नाही, कीड लागत नाही.’ त्यावर आबा म्हणाले, ‘मग बंदूक तरी कशाला ठेवायची? पिचकारीच घेऊ की.’ माझा मेहुणा पुण्याहून फोनवर म्हणाला, ‘आबा, कशाला हा ताप? ठाण्यात कायमची जमा करून टाका. माझ्या फ्लॅटमध्ये तर ती ठेवायला भिंतसुद्धा नाही.’ त्याच्या फ्लॅटला भिंती आहेत. पण त्यांतली एक टीव्हीला दिली आहे, एक शोकेसला, आणि उरलेल्या शेजाऱ्यांबरोबर अर्ध्या-अर्ध्या वाटलेल्या आहेत.

या फोननंतर आबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला. ‘पाहुणं, शनिवारी गाडी काढा.’

आमच्या भागात जावई कितीही जुना झाला तरी पाहुणाच असतो. आबांचं वय शहाऐंशी, माझं साठीच्या पलीकडचं. आणि तरीही मी पाहुणं. पाहुण्याला नाही म्हणता येत नाही.

घरच्या घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसण्याची सोय नव्हती. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक बाळगायला परवाना लागतो, तसा ती दुरुस्त करून द्यायलाही लागतो. म्हणून जिल्ह्याच्या गावी, परवाना असलेल्या दुकानात जायचं ठरलं. आबांनी धोतर, कोट, फेटा असा लग्नाला जायचा पोशाख केला. खिशात परवाना, बोल्ट काढून वेगळा ठेवलेला, आणि रायफल जुन्या खादीच्या खोळीत गुंडाळून मागच्या सीटवर, आबांच्या शेजारी. वाटेत चहाला थांबलो. आबा खोळीला सोडून उतरेनात, म्हणून चहा गाडीत मागवला. चहावाल्याने फेटा पाहिला, लांबलचक खोळ पाहिली, आणि दोन्ही हात जोडून विचारलं, ‘महाराज, आज कीर्तन कुठं?’

आबा म्हणाले, ‘उत्तररंग व्हायचाय अजून.’

दुकानदार सभ्य गृहस्थ होता. त्याने दस्ता पाहिला आणि सांगितलं, की नवाच बसवून टाका. चार दिवसांत तयार. आबांनी विचारलं, ‘आणि हा?’ दुकानदार म्हणाला, ‘हा काय, जळणात.’ आबांनी खोळीची नाडी पुन्हा बांधायला घेतली. तेवढ्यात मागच्या अंधाऱ्या खोलीतून एक आवाज आला, ‘शेठ, जरा मला बघू द्या.’

हे उस्ताद. वय पंचाहत्तरच्या आसपास, डोळ्यांवर दोन चष्मे, एक नाकावर आणि एक कपाळावर. त्यांनी रायफल हातात घेतल्याबरोबर काही न विचारता कोठीत करंगळी घालून ती रिकामी असल्याची खात्री केली. आबांनी ते पाहिलं आणि खोळीची नाडी सोडून दिली. त्या करंगळीवर पुढचे दोन महिने निभावले. ‘अक्रोड आहे, आबासाहेब,’ उस्ताद म्हणाले, ‘हा जळणात टाकायचा नसतो.’

तिथं मला कळलं, की बंदुकीच्या दस्त्याला अक्रोडाचं लाकूड का वापरतात. साग आपल्याला प्रिय. पण अक्रोड वजनाच्या मानाने चिवट असतो, धक्का सोसतो, आणि एकदा नीट वाळला की पावसाळ्या-उन्हाळ्यात फारसा फुगत-आक्रसत नाही. आपल्याकडे तो काश्मीरचा. तिथं अक्रोडाचं झाड परवानगीशिवाय तोडता येऊ नये म्हणून १९६९ साली कायदा झाला. म्हणजे आबांच्या बंदुकीला परवाना, दुरुस्तीला परवाना आणि लाकडालाही परवाना. एवढी कायदेशीर वस्तू आमच्या उभ्या घराण्यात दुसरी नाही.

उस्तादांनी रायफल सोडवायला घेतली. मी पाहत होतो. दुखणं मागच्या लाकडाला आणि ते सोडवत होते पुढचं. न राहवून मी विचारलं. उस्ताद हसले. ‘जावईसाहेब, फौजेतल्या थ्री-नॉट-थ्रीचा दस्ता आतल्या लांब बोल्टवर असतो. त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी, आणि ते पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं. पुढचं लाकूड न काढता मागचा बोल्ट फिरवला, की ते टोक फिरतं आणि पुढचं लाकूड उभं फाटतं. किती दस्ते दुरुस्त करायच्या नादात किती पुढची लाकडं फुटली, मोजदाद नाही. ही त्याच घराण्यातली. म्हणून रीत तीच: आधी पुढचं, मग मागचं.’ मला आमचे ऑफिसातले एक साहेब आठवले. त्यांनी मागचं नीट करताना नेहमी पुढचं फोडलं.

मग सुटा झालेला दस्ता त्यांनी खिडकीत नेऊन पाहिला. मानेपाशी लाकूड काळं पडलं होतं. साठ वर्षं ते बंदुकीचं तेल प्यायलं होतं. आबा दर महिन्याला नळीला तेल देत, आणि रायफल नळी वर करून टांगलेली असल्यामुळं ते ओघळून लाकडात मुरत असे. तेल मुरलेलं लाकूड मऊ पडतं, आणि त्यावर कुठलाही सरस धरत नाही. म्हणजे आधी तेल काढायचं. त्यासाठी उस्तादांनी खडूची पावडर थिनरमध्ये कालवून तिचा लेप मानेवर थापला आणि दस्ता गच्चीवर उन्हात ठेवला. तासा-दोन तासांत पांढरा लेप तपकिरी झाला. तो खरवडून नवा लावला, तोही तपकिरी. असं चार वेळा. मुलतानी मातीचा लेप लावून बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, पण त्यांच्या चेहऱ्यावर एवढा फरक पडलेला पाहिला नाही.

दुसऱ्या शनिवारी वार्निश काढणं. एका भाच्याने घरच्या लग्नात रायफल चांगली दिसावी म्हणून तिला चकचकीत वार्निश फासलं होतं. त्यावर वीस-पंचवीस दसऱ्यांचं हळदीकुंकू. त्याचा पिवळा डाग वार्निशच्या भेगांतून आत उतरलेला. उस्तादांनी पॉलिश पेपरला हातही लावला नाही. ‘कागद घासला की वार्निशबरोबर लाकूड जातं, कडा गोल होतात, आणि जिथं लोखंड लाकडाला भेटतं तिथं लाकूड खाली बसतं. मग ती बंदूक मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखी दिसते.’ त्यांनी काचेचा एक तुकडा घेतला आणि त्याच्या कडेने, दाढी केल्यासारखं, हलक्या हाताने वार्निश खरवडायला सुरुवात केली. आबा समोर स्टुलावर. मी दारात. काचेखालून पिवळट भुसा निघत होता आणि खालून चॉकलेटी रंगाच्या नागमोडी रेषा वर येत होत्या. आबांनी ते लाकूड साठ वर्षं पाहिलं होतं, पण त्याच्या रेषा ते विसरून गेले होते. ते एकदम म्हणाले, ‘घेतली तेव्हा अशीच होती की हो.’

एका बाजूला उस्तादांचा हात थांबला. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. आता नाकावर दोन झाले. मग नखाने काहीतरी उकरून वास घेतला.

‘आबासाहेब, इथं बुटाचं पॉलिश कोणी लावलं?’

तिथं एक पोचा होता, जुन्या रुपयाएवढा. त्यात तांबूस मेणासारखं काहीतरी भरलेलं, आणि त्यावरून भाच्याचं वार्निश. उस्ताद म्हणाले, फौजी लोक कधी कधी सबंध दस्त्याला पॉलिश मारतात, पण रुपयाएवढ्या जागेला मारलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

आबांनी त्या पोच्यावर अंगठा ठेवला. ‘अठ्ठ्याहत्तर साल,’ ते म्हणाले. ‘चिमी नऊ वर्षांची होती. मी पंढरपूरला गेलो होतो. पोरीनं स्टूल घेऊन खुंटीवरनं रायफल काढली. पेलली न्हाई. उंबऱ्यावर आपटली. मग माझ्या बुटाच्या पॉलिशनं जागा रंगवली आणि पुन्हा टांगून ठिवली.’

चिमी म्हणजे आमची ही. गेली पस्तीस वर्षं मला घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवण्याचं शिक्षण देणारी.

‘तिनं सांगितलं तुम्हाला?’ मी विचारलं.

‘छ्या! आजतागायत न्हाई. पण त्या रात्री न सांगता पेलाभर दूध पिऊन झोपली. एरवी दुधासाठी मागं लागून आई दमायची. तवाच म्हटलं, कायतरी मोडलंय. सकाळी बघतो तर पॉलिशच्या डबीत बारकी बोटं उमटलेली.’ ते थोडा वेळ गप्प बसले. ‘तिला बोलू नका, पाहुणं.’

बायकोचं गुपित बायकोपासून लपवण्याचा प्रसंग फार थोड्या नवऱ्यांवर येतो. मी महिनाभर तो निभावला, आणि त्या काळात घरी दुधाचा विषय निघाला की खोकत होतो.

चीर सांधायचं काम तसं तासाभराचं, पण त्याची तयारी दोन आठवड्यांची. उस्तादांनी चीर पाचर घालून किंचित उघडली, आतून साफ केली आणि दोन नळ्यांतलं अराल्डाईट कालवून पार तळापर्यंत पोचवलं. मी शेजारच्या पोराच्या फेविक्विकचा विषय काढला. उस्ताद म्हणाले, ते कपाच्या कानाला ठीक. बंदूक सुटली की तिचा सगळा धक्का मानेतून खांद्यात जातो. तिथं सरस कडक असून भागत नाही, चिवट लागतो. आतून पितळेची आटे पाडलेली एक बारीक काडी आडवी घातली, बाहेरून दिसणार नाही अशी. मग दाबून धरायला शिकंजा हवा. पण दस्ता सगळीकडून गोल, शिकंजा बसणार कुठं? त्यांनी सायकलची जुनी ट्यूब कापून तिची लांब पट्टी केली आणि ताणून ताणून मानेभोवती गुंडाळली. चोवीस तास. मान मुरगळलेल्या माणसाच्या गळ्यात पट्टा असतो, अगदी तसा तो दस्ता खिडकीत बसून होता.

उरली ती ढलपी. कोंबडीने नेलेली. तिथं लाकडाचा तुकडा बसवायचा. पण लांबी भरली तर दिसणार, आणि दुसऱ्या अक्रोडाचा तुकडा घातला तर त्याच्या रेषा जुळणार नाहीत. उस्तादांनी जुन्या लाकडांचा डबा उपसला. एकही पटेना. ‘याच झाडाचा पाहिजे,’ ते म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, ‘आबासाहेब, पुढं ही वापरणार कोण?’

मला वाटलं आता आबा चिडणार. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला असं विचारायचं नसतं. कायद्यात सोय आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय सत्तर झालं, की वारसाला आपल्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. आबांनी ती सोय सोळा वर्षं ओलांडून टाकली होती. मेहुण्याने हात वर केल्यावर तर हा विषय घरात बंदच होता.

आबा म्हणाले, ‘लेक.’

‘मग बाईसाहेबांना घेऊन या. माप बघू.’

दस्त्याला माप असतं, हे मला तिथं समजलं. लांब झाला तर खांद्याला लावताना बगलेत अडकतो. आखूड झाला तर धक्का बसताना आपलाच अंगठा आपल्या नाकावर येतो. फौजेच्या थ्री-नॉट-थ्रीचे दस्तेसुद्धा म्हणे आखूड, मध्यम आणि लांब अशा मापांत निघत, अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकाने. शिपाई पाहून दस्ता. नाही तर आमच्या एन.सी.सी.त दस्ता पाहून शिपाई लहान-मोठा व्हायचा.

पुढच्या शनिवारी ही आली. ‘माप’ म्हटल्यावर तिला वाटलं ब्लाऊजचं; कारण सांगितल्यावर ती आबांकडे बघतच राहिली. तिला कोणी विचारलं नव्हतं. आबांच्या घराण्यात बायकांनी रायफलीला फक्त कुंकू लावायचं, अशी वहिवाट. उस्तादांनी तिचा कोपर दुमडायला सांगून दस्त्याची टाच कोपराच्या आतल्या बाजूला टेकवली आणि बोट चापापर्यंत पोचतं का पाहिलं. पोचत नव्हतं. अर्धा इंच कमी.

‘राहू दे आबा,’ ही म्हणाली. ‘तुमच्या मापाचीच राहू दे. मी कुठं डुकरं मारायला जाणार आहे?’

सगळे आबांकडे पाहायला लागलो. हा माणूस सोप्यातलं कॅलेंडर हलवू देत नाही. घड्याळ दहा मिनिटं पुढं आहे, ते पस्तीस वर्षं पुढंच आहे. त्यांनी दस्ता हातात घेतला, खांद्याला लावला, एकदा खिडकीबाहेरच्या कावळ्यावर नेम धरला आणि खाली ठेवला.

‘कापा अर्धा इंच,’ ते म्हणाले. ‘जिची रायफल, तिच्या खांद्याला बसाय नको?’

उस्तादांनी टाचेची पट्टी काढली, रेघ मारली आणि बारीक दातांची करवत लावली. अर्धा इंच जाडीची चकती टेबलावर पडली. ती उचलून त्यांनी उजेडात धरली, कपाळावरचा चष्मा खाली ओढला, आणि हसत म्हणाले, ‘मिळाली की ढलपी!’ त्याच झाडाचं लाकूड. त्याच रंगाचं. त्या चकतीतून त्यांनी नखाएवढा तुकडा काढला, रेषेला रेष लावून मानेच्या खळगीत बसवला आणि वरून पटाशीने तासला. आबांनी बोट फिरवून पाहिलं. दोनदा फिरवलं. मग मला म्हणाले, ‘पाहुणं, जरा कुठं आहे ते दाखवा.’ मलाही दाखवता येईना.

आता पोचे. साठ वर्षांत दस्त्याला पोचे बरेच पडले होते, आणि ते उठवायची युक्ती इतकी साधी, की मला आधी थट्टा वाटली. पोच्यावर ओलं फडकं ठेवायचं आणि वरून गरम इस्त्री टेकवायची. वाफ आत जाते, दबलेले तंतू फुगतात आणि पोचा वर येतो. जीपच्या दारात सापडून पडलेला मोठा पोचा माझ्या डोळ्यांदेखत तीन वाफांत सपाट झाला. पण शेजारीच एक खोल ओरखडा होता, तारेच्या कुंपणाचा. त्याला कितीही वाफ दिली तरी ढिम्म. उस्ताद म्हणाले, ‘दबलेलं वर येतं साहेब, तुटलेलं येत नाही.’ आणि पुढचं फडकं पिळायला लागले. ते लाकडाबद्दलच बोलत होते. आबा मात्र त्यानंतर बाहेर जाऊन मेहुण्याला फोन करून आले. काय बोलले कोण जाणे. पण दिवाळीला तो सहकुटुंब येणार असल्याचं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

रुपयाएवढ्या पोच्यापाशी इस्त्री आली, तेव्हा आबांनी हात आडवा धरला. ‘तेवढा ऱ्हाऊ द्या.’ ही त्या वेळी समोरच्या दुकानात भाजीची पिशवी विसरली होती ती आणायला गेली होती.

शेवटचं काम तेल चढवायचं, आणि ते उस्तादांनी मला दिलं. जवसाचं पक्कं तेल, ज्याला रंगारी बेलतेल म्हणतात. ओलं झालेलं लाकूड वाळलं, की त्याच्या अंगावर बारीक लव उभी राहते. ती शून्य नंबरच्या कागदाने हलकेच काढायची, आणि मग तळहाताने थेंब थेंब तेल चोळायचं. ब्रशने नाही, तळहाताच्या उबेने ते आत जातं. जास्तीचं पुसून टाकायचं. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि तसं होताना तापतं. म्हणून तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत; आपोआप पेटतात. उस्ताद त्या पाण्याच्या बादलीत बुडवत. काडतुसाशिवायची बंदूक ज्या दुकानात निरुपद्रवी असते, तिथं फडकं धोक्याचं असतं.

‘किती वेळा चोळायचं?’ मी विचारलं. तळहात लाल झाले होते.

‘आठवडाभर रोज एकदा. मग महिनाभर आठवड्यातून एकदा. मग वर्षभर महिन्यातून एकदा. आणि पुढं वर्षातून एकदा, जन्मभर.’

सासुरवाडीला जाण्याचा क्रमही साधारण असाच असतो, हे मी बोललो नाही. पाहुण्याने काही गोष्टी मनात ठेवाव्यात.

दसऱ्याच्या आत रायफल घरी आली. सोप्यात नवी खुंटी, या वेळी सिमेंटमध्ये बसवलेली. वारसाचा अर्ज गेला आहे, चौकशीसाठी हवालदार येऊन चहा पिऊन गेला आहे. कागद फिरतील तेव्हा फिरतील, तोवर परवाना आबांच्याच नावावर. पूजेला रायफल पाटावर ठेवली. उस्तादांनी बजावलं होतं, की हळदीकुंकू लाकडाला लावायचं नाही. म्हणून ते पाटाला लावलं, आपट्याची पानं वाहिली आणि झेंडूची माळ नळीला घातली. लाकूड चमकत नव्हतं. खालून उजेड यावा तसं दिसत होतं. मुलं, सुना, पुतण्ये, सगळे वाकून चीर शोधत होते. सुतारमेस्त्रींनी डोळा अगदी मानेला लावला आणि मान्य केलं, की सनमायकाला हे जमलं नसतं.

माळ सारखी करायला म्हणून ही वाकली. तिचा हात दस्त्यावरून फिरला आणि एका जागी थांबला. अंगठा बरोबर त्या रुपयावर. तिने पटकन मागं पाहिलं. मी झेंडूच्या पाकळ्या मोजत होतो.

‘आबा,’ ती हळूच म्हणाली, ‘सगळे पोचे काढले ना त्यांनी?’

‘सगळे काढले.’

‘मग हा?’

आबांनी आपट्याचं पान तिच्या हातावर ठेवलं. ‘त्याला काय करायचं राहिलं नव्हतं, चिमे,’ ते म्हणाले. ‘त्याला पॉलिश आधीच झालं होतं.’

ही काहीच बोलली नाही. जेवणं झाली, पानसुपारी झाली, गावातली माणसं सोनं देऊन गेली, तरी बोलली नाही. रात्री मात्र मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर ती अंधारातच ओट्यापाशी उभी होती, आणि कोणी न सांगता पेलाभर दूध पीत होती.